सर्नचं आयसोल्डे: किरणोत्सारी बीम हवा असेल तर आधी हे वाचा

ज्युनियर लोक सारखे विचारतात आयसोल्डेला, म्हणजे सर्न ह्या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी अणूंचे बीम बनवणाऱ्या विभागाला, प्रयोगाचं प्रपोजल टाकू का, म्हणून एकदाच लिहून टाकते. सर्न म्हटलं की सगळ्यांना एलएचसी हा मोठा कोलायडरच आठवतो, पण तिथले साधारण निम्मे प्रोटॉन आयसोल्डेच फस्त करतं, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही! 1967 पासून चालू आहे आणि मेनूत 70 च्या वर मूलद्रव्यांचे 1300 हून जास्त आयसोटोप.

बूस्टर नावाच्या सर्नच्या छोट्या प्रवेगकातून 1.4 जीईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन येऊन जाड टार्गेटवर आपटतात, बहुतेक वेळा युरेनियम कार्बाइडच असतं, अणुकेंद्रं फुटतात, आणि टार्गेट 2000 अंशांच्या आसपास तापवलेलं असल्यामुळे तुकडे त्यातून निसटून आयन सोर्सपर्यंत (जिथे त्यांना विद्युतभार मिळतो) पोचतात, मग मॅग्नेट वस्तुमान बघून त्यांना वेगळं करतो. खरी मजा लेझर सोर्सची. दोन-तीन वेगवेगळ्या रंगांचे लेझर आपल्याला हव्या त्याच मूलद्रव्याच्या इलेक्ट्रॉनला पायरी-पायरीने वर चढवून बाहेर काढतात, बाकीच्यांना हातही लावत नाहीत. ह्याला पाचपैकी पाच. फक्त फ्रान्सियमसारखी मूलद्रव्यं गरम भिंतीला नुसती टेकली तरी आयन होतात, त्यामुळे त्याच वस्तुमानाचं दुसरं काही मागवलंत तर ती न बोलावता येणारच.

मार्क कापते ते इथे: टंगस्टन, मॉलिब्डेनम असलं काही हवं असेल तर विसरा, टार्गेटमधून बाहेरच पडत नाही, आणि आयुष्य दोन-चार मिलिसेकंदांचं असेल तर वाटेतच संपतं. त्यासाठी जपानचं रिकेन नाहीतर अमेरिकेतलं एफआरआयबी ह्या प्रयोगशाळा बघा, तिथे तुकडे उडत उडतच वेगळे होतात त्यामुळे केमिस्ट्री आडवी येत नाही, पण बीम वेगवान आणि पसरट. आयसोल्डेसारखा बारीक, शांत बीम तिथे सरळ मिळत नाही.

बीमचे पैसे पडत नाहीत, प्रपोजल मात्र कमिटीत पास व्हावं लागतं, मग आठ-आठ तासांच्या शिफ्ट मिळतात. शिफ्टमध्ये निम्मं लक्ष सुपरसायकलच्या (कुठला पल्स कुणाला, त्या वेळापत्रकाच्या) स्क्रीनवर, कारण पल्स 1.2 सेकंदाच्या पटीत येतात आणि त्यातले काही दुसऱ्यांचे. आपला पल्स पडला की काउंट रेट टुणकन वर आणि मग हळूहळू खाली.

आणि हो, यील्ड (कुठला आयसोटोप किती मिळतो) डेटाबेसमधला आकडा जुन्या सिंक्रोसायक्लोट्रॉन प्रवेगकाचा आहे की 1992 नंतरच्या बूस्टरचा ते बघूनच शिफ्ट मागा, टार्गेट जुनं होईल तसं यील्ड पडतं तेही धरून चाला.