केशरी बाह्यांची टीम इंडिया जर्सी: घ्यावी का आणि कुठली घ्यावी

आधीच सांगून टाकतो, मला ही जर्सी जाम आवडलीये. 2024 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची, निळं अंग, केशरी बाह्या, त्यावर आदिदासच्या तीन पांढऱ्या पट्ट्या आणि व्ही गळ्याला तिरंग्याची बारीक कड. लाँच झाली तेव्हा केशरी जरा जास्तच झालंय म्हणून नाकं मुरडणारे बरेच होते, मग 29 जूनला बार्बाडोसला आपण कप जिंकलो आणि 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर जो निळा समुद्र लोटला त्यानंतर कोण काय बोलणार.

माझं म्हणणं असंय की ही जर्सी डिझाइन करताना मैदानावरच्या अकरा जणांइतकाच कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरांचा विचार झालाय, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पोरं आता जर्सी फक्त मॅचच्या दिवशी घालत नाहीत. लूज जीन्स नाहीतर कार्गो, त्यावर जर्सी, खाली पांढरे स्नीकर्स, हा ब्रिटनमधल्या फुटबॉलवेड्या पोरांचा लुक, त्याला ब्लोककोर म्हणतात, टिकटॉकवर गाजला आणि रील्समधनं आपल्याकडे आला. रेट्रोचंही तेच. 1992 च्या वर्ल्ड कपची ती नेव्ही ब्लू, खांद्यावर रंगीत पट्टेवाली जर्सी आठवते? 2020 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात एमपीएलने, म्हणजे तेव्हाच्या किट कंपनीने, तसलीच परत आणली, आणि ती घालून खेळणारा शुभमन गिल 92 साली जन्मलाही नव्हता. तरी चालली, कारण जुनं दिसणं हीच आता फॅशन आहे.

आदिदासने जून 2023 मध्ये किट हातात घेतलं तेव्हाच हे दिसलं होतं. डिझाइन आकिब वानीचं, पोरगा मुळात सेट डिझाइन, इव्हेंट डिझाइनवाला, लाँचला वानखेडेवर तरंगणाऱ्या भल्यामोठ्या जर्सींचा व्हिडिओ, 2023 च्या वनडे वर्ल्ड कपला रफ्तारचं रॅप, आणि वनडेच्या जर्सीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी थेट तिरंगा. टी-ट्वेंटीच्या जर्सीची तर कॉलरच काढून टाकली, म्हणजे टीशर्टसारखी कुठेही घाला. किमती पण बघा, तेव्हा खेळाडूंसारखी मॅच जर्सी 4,999, रेप्लिका 2,999 आणि फॅन जर्सी 999. ती 999 वाली कोणासाठी आहे हे सांगायला नको, पॉकेटमनीवाल्यांसाठीच आहे.

आता मुद्द्याचं. वर्ल्ड कपची जर्सीच का घ्यायची? तर छातीवर मोठ्ठं INDIA असतं, स्पॉन्सरची जाहिरात नाही. आयसीसीच्या, म्हणजे वर्ल्ड कपसारख्या, स्पर्धेत स्पॉन्सर छातीवरनं बाहीवर जातो आणि समोर देशाचं नाव येतं. एवढ्या एका गोष्टीने जर्सीचं रूपडं बदलतं. बायजूज गेलं, ड्रीम इलेव्हन आलं, 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आल्यावर तेही गेलं, मग अपोलो टायर्स. तुम्ही हौसेने पैसे घालून घेतलेली जर्सी वर्षभरात जुन्या जाहिरातीचा बोर्ड होऊन बसते, आणि पोरांना ते बरोब्बर कळतं. मला तर वाटतं क्रिकेट बोर्डाने चाहत्यांसाठी स्पॉन्सर नसलेली आवृत्ती कायमच ठेवावी, लोक चार पैसे जास्त देतील.

फिटिंगचं नीट बघून घ्या. मॅच जर्सी अंगासरशी असते, खेळताना कापड फडफडू नये म्हणून, पण आपण वडापाव खाणारी माणसं, पोटावर बसते ती. ओव्हरसाइज लुक पाहिजे तर रेप्लिका एक साइज मोठी घ्या, खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि मस्त दिसते. कापड सगळं पॉलिएस्टर, घाम लवकर सुकतो पण मुंबईच्या ऑक्टोबरात लोकलमध्ये दिवसभर घातली तर वास धरतेच. उलटी करून धुवा, उन्हात वाळत टाकू नका आणि नंबरवर इस्त्री अजिबात फिरवू नका.

फुटपाथवरची कॉपी दोन-तीनशेत मिळते, मी पण एका टपरीवरनं भाच्यासाठी घेतली होती. केशरी रंग पहिल्याच धुण्यात निळ्यावर उतरला आणि पाठीवरच्या रोहित शर्माच्या 45 मधला 5 सोलून निघाला, पोरगं दोन दिवस गप्प होतं. नंतर त्याला 999 वाली आणून दिली. त्यावर टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकल्याचा स्टार एकच आहे, 2007 चा, 2024 च्या कपनंतर नवीनवर दुसरा पण आला आणि त्याला तो पाहिजे. दर सीझनला जर्सी बदलायची ही कंपन्यांची चाल घरातल्या बजेटला परवडत नाही, डिझाइन निदान दोन वर्षं तरी टिकवा राव.

आणि मुलींचं काय? 2 नोव्हेंबर 2025 ला डीवाय पाटीलवर हरमनप्रीत कौरच्या टीमने वर्ल्ड कप जिंकल्यापासून आमच्या सोसायटीतल्या पोरींना सांगलीच्या स्मृतीची जर्सी हवीये. एका दुकानात विचारलं तर तो कोहलीचीच पुढे करतो, म्हणतो नंबर 18 च आहे ना. अहो नंबर तोच, पण पाठीवर नाव मानधना पाहिजे आणि कट लेडीज पाहिजे. जेंट्सची स्मॉल पोरींना खांद्यात मोठी आणि कमरेला घट्ट होते. ज्यांचं स्पोर्ट्सचं दुकान आहे त्यांनी हा माल भरून ठेवा, गिऱ्हाईक दारात उभं आहे.