माशांच्या पाण्यावर शोभेची झाडं: सव्वा वर्ष अ‍ॅक्वापोनिक्स वापरल्यावर

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने झाडांच्या ट्रेतून फिरवून पुन्हा टाकीत आणायचं आणि त्याच पाण्यावर, मातीशिवाय, झाडं वाढवायची. आधी निकाल सांगते, मग बाकीचं. घरच्या अ‍ॅक्वापोनिक्सवर पालक-मेथी लावण्यापेक्षा शोभेची झाडं लावलेली परवडतात, पण फुलांची नाही, पानांची. ज्यांना आठवड्यातून एकदा पाणी तपासायचा कंटाळा आहे, त्यांनी मातीच्या कुंड्याच ठेवाव्यात. इथे झाडांकडे फार बघावं लागत नाही, सगळं लक्ष पाण्याकडे ठेवावं लागतं.

आमचं नाशिकच्या इंदिरानगरला रो-हाउस आहे. मागच्या पडवीत सकाळचं ऊन येतं, दुपारी सावली. तिथे अडीचशे लिटरची टाकी, तिच्यावर फूटभर खोल ट्रे, पंप, एअर पंप आणि बेल सायफन असा तयार किट घेतला. फ्लॅटच्या गॅलरीत ठेवणार असाल तर वजनाचा हिशोब आधी करा. अडीचशे लिटर पाणी म्हणजे अडीचशे किलो, त्यावर खडी. बाहेर काढलेल्या गॅलरीच्या कडेला हे ओझं नको. खडीऐवजी भाजलेल्या मातीच्या गोळ्या घेतल्या तर भार बराच कमी होतो, पण त्या महाग पडतात. मी काळी खडीच वापरली, चार-पाच पाण्यांनी धुऊन. कुठलीही खडी घेताना तिच्यावर थोडं व्हिनेगर टाकून बघायचं. फेस आला तर ती पाण्याचा पीएच चढवत राहणार. शोभेच्या पांढऱ्या संगमरवरी खड्यांचं नेमकं हेच होतं.

किटबद्दल माझी एक तक्रार आहे. बेल सायफन कागदावर छान दिसतो: ट्रे भरला की आपोआप रिकामा होतो. प्रत्यक्षात पंपाचा प्रवाह जरा कमी झाला की सायफन सुरूच होत नाही, पाणी नुसतं झिरपत राहतं, आणि मुळं कायम बुडालेली. विक्रेत्याला फोन केला की ‘ताई, नळी साफ करून बघा’ एवढंच उत्तर. शेवटी सायफन काढून टाकला आणि टायमर लावला. १५ मिनिटं पंप चालू, ४५ मिनिटं बंद. बंद असताना पाणी त्याच वाटेने टाकीत उतरतं आणि मुळांना हवा मिळते. यात वीजही वाचली. १८ वॅटचा पंप दिवसरात्र चालवला तर महिन्याला १३ युनिट होतात, टायमरवर सव्वातीन. पाच वॅटचा एअर पंप मात्र सतत हवा, त्याचे साडेतीनच्या वर. म्हणजे सगळं मिळून सात युनिटच्या आत.

मासे टाकले की लगेच झाडं तरारतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो झाडांचं खत नसून माशांचं विष आहे. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि झाडं मुख्यतः ते नायट्रेट खातात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस मोजके मासे, चिमूटभर खाणं आणि अमोनिया-नायट्राइट तपासायचा किट हाताशी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवूनच टाकायचं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे ते मी टाकतच नाही.

मासे म्हणून गोल्डफिशच घेतले, आणि तेही थोडे. त्याचं कारण नाशिकची थंडी. निफाडचा पारा बातम्यांत येऊ लागतो, तेव्हा आमच्या पडवीतलं पाणीही चांगलंच गार होतं. गप्पींना ते सोसत नाही, गोल्डफिशना सोसतं. थंडीत जिवाणूही मंदावतात, म्हणून खाणं निम्म्यावर आणायचं. उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसात. एप्रिल-मेमध्ये शेडनेट आणि एअर पंप दोन्ही लागतात, आणि एअर पंप इन्व्हर्टरवरच हवा. एअर पंप दोन तास बंद राहिला तर झाडांचं काही बिघडत नाही. मासे मात्र वर येऊन तोंड उघडू लागतात.

आता झाडं. मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट आणि पीस लिली यांनी कधी त्रास दिला नाही. पीस लिलीला फुलंही येतात. अँथुरियम चालतं, पण त्याचा गड्डा खडीच्या वर ठेवावा लागतो. कोलियस इतका वाढतो की दर पंधरवड्याला शेंडे खुडावे लागतात. कर्दळ आणि अंब्रेला पाम झकास होतात, पण त्यांची मुळं थेट निचऱ्याच्या नळीत शिरतात. त्यांना वेगळ्या टबात ठेवा. अडेनियम, जेड आणि निवडुंगाच्या जातीचं काहीही इथे नको, सडतं. गुलशनाबादेत (हे नाशिकचं जुनं नाव) राहून गुलाबाला नको म्हणायचं जिवावर येतं, पण गुलाब कुंडीतच बरा. माशांच्या पाण्यात नत्र भरपूर आणि पोटॅश कमी, म्हणून पानंच पानं येतात, कळ्या हात राखून. सासूबाईंनी तुळस लावायचं सुचवलं होतं, मग ‘माशांच्या पाण्यावर तुळस?’ म्हणून स्वतःच मागे घेतलं.

सगळी झाडं थेट खडीत न लावता जाळीच्या कुंडीत लावा. कीड आली की कुंडीसकट बाहेर काढता येतं, आणि इथे कीड हाच सगळ्यात अवघड विषय आहे. मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसला म्हणून कीटकनाशक फवारलं तर मासे गेलेच. कडुनिंबाचं तेल किंवा साबणाचं पाणीही टाकीत उतरता कामा नये. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढणं, नाहीतर झाड बाहेर नेऊन नळाखाली धुणं, एवढेच उपाय उरतात. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, त्यालाही पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा.

पालेभाजी पिवळी पडली तरी कापून मोकळं होता येतं. शोभेच्या झाडाचं पिवळं पान महिनोन् महिने समोर लटकतं, त्यामुळे कमतरता ओळखणं इथे जास्त महत्त्वाचं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅश. माशांच्या खाण्यातून ही दोन्ही पुरेशी मिळत नाहीत. इथे नाशिकचा फायदा होतो: द्राक्षबागांमुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, मिळतं. फक्त बांधणारं रसायन कुठलं ते पाकिटावर वाचून घ्या. ईडीटीए पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत, ईडीडीएचए त्याच्याही वर. माझा पीएच सातच्या आसपास असतो. सहा टक्के लोह असलेलं ईडीडीएचए आठ ग्रॅम टाकलं की अडीचशे लिटरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम लोह मिळतं. पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं, घाबरू नका, ते हळूहळू निवळतं.

पीएच आपोआप खाली जात राहतो, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला अल्कपणा खर्च होतो. पावसाळ्यात पावसाचं पाणी टाकीत गेलं तर ही घसरण आणखी वेगाने होते. पीएच साडेसहाच्या खाली आला की मी पोटॅशियम बायकार्बोनेट थोडंथोडं टाकते, त्यातून पोटॅशही मिळतं. टाकीत कुटलेल्या शिंपल्यांची पुरचुंडी कायम बुडवलेली असते, कॅल्शियमसाठी.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. भाजी कापली की नत्र बाहेर जातं, शोभेची झाडं नुसती उभी असतात. छाटणी केली नाही तर नायट्रेट साठत जातं आणि टाकीच्या काचेवर शेवाळ चढतं. म्हणून छाटणीलाच मी पीक समजते. सिंगोनियम आणि मनी प्लांटच्या फांद्या अख्ख्या गल्लीत वाटून झाल्या, आता समोरच्या काकू नको म्हणतात.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर १२ हजारांचा किट घेणार नाही. टाकी, ट्रे, पंप, टायमर सुटे घेईन. रिकामा ड्रम भंगारातून घेत असाल तर खाण्याच्या तेलाचा किंवा सरबताचाच घ्या, आत काय होतं ते कळत नसेल तर सोडून द्या. गावाला आठवडाभर जायचं असेल तर मोठ्या गोल्डफिशना खाणं दिलं नाही तरी चालतं. शेजाऱ्यांना खाणं टाकायला तर मुळीच सांगू नका, ते मायेने मूठभर टाकतात आणि दोन दिवसांत अमोनिया चढतो. त्यांनी फक्त एअर पंपाचे बुडबुडे येतायत का, तेवढं रोज एकदा डोकावून बघावं.