गाडीतल्या गरम पाण्याच्या शॉवरच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुंबई आणि उपनगरांत फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या कॅम्पिंगसाठी तयार करून देणारी बरीच छोटी गॅरेजेस आहेत. छतावरचा तंबू, बाजूची कनात, मागचे खण ही कामे डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे त्यांत खोट असली तर ती चटकन पकडता येते. गरम पाण्याच्या शॉवरचे तसे नाही. त्याचा मुख्य भाग बॉनेटखाली, एका बंद पेटीत असतो. आमची ६८ हजार रुपयांची फसवणूक नेमकी त्या पेटीत झाली. पैशांपेक्षा गंभीर गोष्ट ही, की त्या पेटीतून इंजिन थंड ठेवणारे विषारी कूलंट अंघोळीच्या पाण्यात उतरत होते, आणि त्या पाण्याने घरातल्या मुलांनी हातपाय धुतले होते. तीच जोडणी आणखी कोणाच्या गाडीत बसू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मूळ योजना अगदी साधी आणि शहाणपणाची आहे. चालून तापलेल्या इंजिनात कूलंटचे तापमान साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअस असते. केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, ते कूलंट एका हीट एक्स्चेंजरमध्ये फिरवायचे, त्याच एक्स्चेंजरच्या दुसऱ्या बाजूने टाकीतले पाणी १२ व्होल्टच्या पंपाने ढकलायचे, आणि बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यात थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हने, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणाऱ्या झडपेने, बेताचे थंड पाणी मिसळून ते शॉवरला द्यायचे. दोन्ही द्रव स्टेनलेस स्टीलच्या पातळ प्लेटांच्या अल्याडपल्याड वाहतात. उष्णता इकडून तिकडे जाते, द्रव मात्र जात नाही. सगळी भिस्त त्या प्लेटांवर आणि त्यांच्या झाळेवर असते.

आमच्याशी ज्याने व्यवहार केला तो बोलण्यात अत्यंत तरबेज होता. कोटेशनमध्ये त्याने ३१६ दर्जाच्या स्टीलचा प्लेट एक्स्चेंजर, आयात केलेला पंप आणि थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असे स्पष्ट लिहून दिले होते. त्याशिवाय इंजिन बंद असतानाही बॅटरीवर 'तत्काळ' पाणी तापवणारा एक इलेक्ट्रिक बॅकअप त्याने गळ्यात मारला. या एका दाव्यावर सगळ्यांनी थांबून हिशेब करावा. मिनिटाला ४ लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे तर सुमारे ६ किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे १२ व्होल्टवर ५०० अँपिअरहून अधिक प्रवाह. गाडीतली कोणतीही नेहमीची बॅटरी किंवा वायरिंग अंघोळ संपेपर्यंत एवढा प्रवाह देऊ शकत नाही. असा बॅकअप देऊ करणारा माणूस एक तर अजाण असतो किंवा लबाड, आणि दोन्ही बाबतींत त्याच्या हाती इंजिनाचे होज सोपवणे धोक्याचे आहे.

गाडी ताब्यात देताना त्याने प्रात्यक्षिक दाखवले. इंजिन सुरू केले, पाण्याचा नळ सोडला आणि मिनिटभरात छान कोमट पाणी आले. टाकीतून थेट येणाऱ्या थंड पाण्याचा नळही सोडून पाहिला, तर तेसुद्धा कोमट. "साहेब, उन्हानं टाकी तापलीय, थंडीत बघा कसं मस्त चालतं ते," असे त्याने सांगितले. गाडी तर पत्र्याच्या शेडखाली सावलीत उभी होती. टाकीत आधीच गिझरचे पाणी भरून ठेवलेले होते, हे नंतर उघड झाले. गार इंजिन मिनिटभरात पाणी तापवूच शकत नाही. त्याचे कूलंट तापायलाच काही वेळ जातो.

खरी परीक्षा भंडारदऱ्याच्या मुक्कामी झाली. पंप सुरू केला की पहिले तांब्याभर पाणी किंचित हिरवट येई, त्याला गोडसर वास असे आणि बोटांना ते बुळबुळीत लागे; पुढचे पाणी स्वच्छ दिसे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पंप चालू असताना पाण्याचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून गळतीच्या जागेतून पाणी कूलंटमध्ये शिरते. पंप बंद करून नळ मोकळा केला की पाण्याचा दाब उतरतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब सुमारे एक बारपर्यंत टिकून राहतो, आणि मग कूलंट पाण्याच्या नळीत उतरून पुढच्या वेळेची वाट पाहत बसते. म्हणूनच पहिले पाणी रंगीत येते. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, पोटात गेले तर मूत्रपिंडांना गंभीर इजा करते आणि जीवही घेऊ शकते. त्याच टाकीचे पाणी त्याच नळीतून स्वयंपाकाला घेणारी मंडळी असतात, हे विसरून चालणार नाही.

त्याच संध्याकाळी शॉवरचे पाणी अचानक कढत झाले आणि मुलाचा हात मनगटापर्यंत लाल झाला. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, आणि म्हणूनच मिक्सिंग व्हॉल्व्ह ही चैनीची वस्तू नाही.

मुंबईत परतल्यावर कुर्ल्यातल्या एका जुन्या रेडिएटर कारागिराकडून ती पेटी कापून घेतली. आत प्लेटा नव्हत्याच. जस्ताच्या पत्र्याची चौकोनी पेटी, तिच्यात एसीच्या कामात वापरतात तसल्या तांब्याच्या पातळ नळीचे वेटोळे, आणि पेटीच्या आतच नळीच्या जोडावर कथलाचा डाग, ज्याला केसाएवढी चीर गेली होती. पत्र्यावरचे जस्त कूलंटमध्ये विरघळून तळाशी पांढरट गाळ साचला होता; तो गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतो. कारागीर एवढेच म्हणाले, "दादा, ह्याला कूलंटचं पाणी लावायलाच नको होतं." पंपावरचे आयात मालाचे स्टिकर नखाने निघाले आणि खाली शेतातल्या पाठीवरच्या फवारणी पंपात असतो तसला मोटरपंप निघाला. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह म्हणून बसवलेली वस्तू म्हणजे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) आणि साधा बॉल व्हॉल्व्ह, वर लाल-निळी टोपी.

त्याला फोन केला तेव्हा पहिल्यांदा "गाडी पाठवून द्या, मी आहे ना" असे उत्तर मिळाले, मग उत्तरे बंद झाली आणि नंतर नंबरच ब्लॉक झाला. बिल साध्या लेटरपॅडवर होते. त्यावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो दुसऱ्याच व्यवसायाच्या नावावर निघाला. पैसे मात्र यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. जीएसटी क्रमांकाची ही तपासणी विनामूल्य असते आणि विसार देण्यापूर्वी करता येते. पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे सांगून परत पाठवण्याचा प्रयत्न झाला. लेखी कोटेशन, कापलेल्या पेटीची छायाचित्रे आणि कारागिराचे सहीचे निवेदन जोडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ खालचा अर्ज स्वीकारला गेला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दाखल केला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.

काम करून घेणाऱ्यांनी सगळे भाग गाडीवर चढण्यापूर्वी टेबलावर मांडून घ्यावेत. अस्सल प्लेट एक्स्चेंजरवर बनवणाऱ्याचे नाव, मॉडेल आणि कमाल दाब असलेली पट्टी असते, आणि बाजूने पाहिले तर प्लेटांचे थर मोजता येतात. पेटीत बंद केलेला एक्स्चेंजर कोणी दाखवला तर तो नाकारावा. चुंबक लावून बघण्यावर मात्र विसंबू नये, कारण स्टीलच्या ३०४ आणि ३१६ या दर्जांतला फरक चुंबकाने कळत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी टाकी स्वतः रिकामी करून नळाचे पाणी भरावे, आत आणि बाहेर दोन्हीकडे आपला थर्मामीटर धरावा. मिक्सिंग व्हॉल्व्हची परीक्षा सर्वांत सोपी आहे: थंड पाण्याची बाजू बंद करावी, खरा व्हॉल्व्ह गरम पाणीही जवळजवळ लगेच अडवतो, खोट्यातून कढत पाणी तसेच वाहत राहते. ही चाचणी बादलीत करावी, अंगावर नाही.

ज्यांच्या गाडीत अशी बंद पेटी आधीच बसलेली आहे त्यांनी टाकीचे पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला अजिबात वापरू नये, पहिले पाणी पांढऱ्या भांड्यात धरून बघावे, आणि कूलंटच्या डब्यातली पातळी घटत किंवा कारण नसता वाढत असेल तर हीटरच्या होजची पेटीपाशी तोडलेली दोन्ही टोके पूर्ववत जोडून ती पेटी तत्काळ वेगळी करून घ्यावी.