हाउसफुल्लच्या पाटीखाली १,२६,०१७ रुपयांना गंडलो

नाटक, ऑर्केस्ट्रा, एकपात्री, जे काही तिकीट लावून करता त्या सगळ्यांनी वाचा. ओटीपी विचारून खातं साफ करणारे आता सगळ्यांना ठाऊक आहेत. आमचा भामटा करार करून, जीएसटीचं बिल देऊन, वर 'सर सर' करत पैसे घेऊन गेला.

आमची हौशी संस्था आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं त्या सांगलीत तिकीट खपवायला एजन्सी कशाला, असं आमचे जुने सभासद म्हणालेच होते. पण सांगली, मिरज आणि विटा असे तीन प्रयोग लावलेले, तिकीट ५०० आणि ३००, आणि मागच्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. म्हणून पुण्याच्या एका डिजिटल मार्केटिंगवाल्याला काम दिलं. नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय.

सेटअपचे २५,००० अधिक जीएसटी म्हणजे २९,५००. जाहिरातीचे ४०,००० आगाऊ, जीएसटी धरून ४७,२००. शिवाय 'आमच्यामुळे' झालेल्या विक्रीवर १२ टक्के. हे 'आमच्यामुळे' कसं ठरवायचं? तर तिकिटाच्या पानावर त्यांचा ट्रॅकिंग कोड. गिऱ्हाईक कुठून आलं, काय पाहिलं, पैसे भरण्याआधी शेवटचं काय दाबलं, सगळं नोंदवलं जाणार, आणि शेवटचं बोट ज्याच्या लिंकवर पडलं त्याच्या नावावर तिकीट. करारात 'लास्ट टच' असे दोन शब्द होते. ते वाचून कुठल्या नाटकवाल्याला घाम फुटला असता सांगा.

एकूण ऑनलाइन विक्री ३,६२,५०० रुपये. त्यातली त्यांच्या रिपोर्टप्रमाणे त्यांची ३,०४,५००. चौऱ्याऐंशी टक्के! म्हणजे आम्ही गल्लोगल्ली पोस्टर लावली, सभासदांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांचं डोकं खाल्लं, ते सगळं मिळून सोळा टक्के. कमिशन ३६,५४०, जीएसटीसकट ४३,११७ रुपये २० पैसे. वीस पैसेसुद्धा सोडले नाहीत.

आता ज्याच्यावरून माझी अजून झोप उडते ते सांगतो. मिरजेच्या प्रयोगाआधी गुरुवारी जाहिरातीचे पैसे संपले. त्यांचाच मेसेज आला, बॅलन्स शून्य, अजून १०,००० टाका. मी म्हटलं थांबा. जाहिराती बंद. शुक्रवार, शनिवार तिकिटं नेहमीसारखीच जात राहिली. आणि रिपोर्टमध्ये त्या दोन दिवसांची विक्रीसुद्धा बहुतेक त्यांच्याच खात्यावर! जाहिरात बंद, कमिशन चालू. मी विचारलं नाही असं नाही. फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आधी क्लिक केलेला माणूस नंतर घेतो ना, तीस दिवसांची विंडो असते." अशी विंडो खरंच असते, हेच तर वाईट. गुगलच्या जाहिरातींत क्लिकनंतर तीस दिवसांपर्यंतची खरेदी धरायची सोय मुळातच आहे. खोटं बोलणाऱ्याने नव्वद टक्के खरं सांगितलं तर माणसाने पकडायचं कुठे? त्या दिवशी आमच्या नायिकेचा घसा बसलेला, प्रकाशयोजनेवाला विट्याला यायला तयार नाही. मी ट्रॅकिंग कोडची वही घेऊन बसणार होतो का?

उजेड पडला तो मेहुण्यामुळे. त्याला लिंक मी स्वतः पाठवली होती आणि त्याने माझ्याशी फोनवर बोलत बोलत सहा तिकिटं काढली. रिपोर्ट चाळताना ती ओळ दिसली. तीच वेळ, सहा तिकिटं, सोर्समध्ये एजन्सीचं नाव. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याला बसवलं. त्याने तिकिटाचं पान उघडलं. पैसे भरायच्या पायरीवर हिरवं बटण होतं: '२० रुपये सूट मिळवा'. ते दाबलं की पान पापणी लवल्यासारखं एकदाच हललं, आणि वरच्या पत्त्याला लांबलचक शेपूट लागलं. त्या शेपटात एजन्सीचा टॅग, गिऱ्हाईक त्यांच्याकडून आलं अशी खूण! म्हणजे गिऱ्हाईक आणलं कोणी का असेना, पैसे भरता भरता सूट घेतली की तिकीट यांचं. वीस रुपये कोण सोडतो? मेहुण्याला तर ते बटण दाबायला मीच सांगितलं होतं. आयत्या बिळावर नागोबा, आणि बिळाचं भाडंही आमच्याकडून. ३१० बुकिंगांची सूट, ६,२०० रुपये, आमच्याच खिशातून गेली. कमिशन मात्र सूट वजा न करता छापील दरावर.

बटण 'ऑफर' म्हणून दाखवलं होतं, टॅगचा शब्दही नव्हता. म्हणून सांगतो, तिकिटाच्या पानावर कोणी काही बसवलं की स्वतःच्या मोबाइलवरून एक तिकीट काढून बघा आणि वरचा पत्ता प्रत्येक पायरीला वाचा.

मग पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "पैसे कुठल्या अ‍ॅपमधून कापले?" कापले नाहीत, मी भरले. "मग तुम्हीच दिले ना?" हो. "तिकिटं खपली?" हो. "प्रयोग हाउसफुल्ल?" हो. "मग फसवणूक कुठाय?" शेजारचा हवालदार हसला. मी सांगितलं, अमेरिकेत ईबे या ऑनलाइन बाजाराच्या एका कमिशनवाल्याने अशाच चोरून टाकलेल्या कुकींवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणांवर, कमिशन उकळलं, २०१४ साली त्याला पाच महिने कैद झाली. साहेब म्हणाले, अमेरिकेत असेल. मग हद्द पुण्याची निघाली. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवायची, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय म्हटल्यावर आवाज चढला. "दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर गेलो तर यादीतल्या कुठल्याच खान्यात आमची तक्रार बसेना. ग्राहक आयोगाचं विचारलं तर सेवा व्यावसायिक कारणासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. हौशी नाटकवाला व्यावसायिक! सगळं आयुष्य पदरचे पैसे घालण्यात गेलं आणि हा मान मिळाला तो असा.

वकिलांच्या नोटिशीचे ३,५०० गेले ते वेगळे. उत्तर आलं, पद्धत करारात मान्य केलेली आहे, वाद असल्यास पुण्यात लवादापुढे या. पुरावा काढायला गेलो तर अ‍ॅनालिटिक्सचं, म्हणजे पानावर कोण कुठून आलं त्या नोंदींचं, खातं त्यांच्या ईमेलवर, आमचा प्रवेश बंद. खातं पहिल्या दिवसापासून संस्थेच्या ईमेलवर उघडा, त्यांना नुसती परवानगी द्या. आणि शेवटच्या क्लिकवर कमिशन, असं कोणी म्हणालं तर चहासुद्धा विचारू नका.

परवा साताऱ्याच्या एका आयोजक मित्राने पीडीएफ पाठवली. तीच एजन्सी, आता त्याच्या दारात. तिसऱ्या पानावर आमच्या प्रयोगाचा फोटो, न विचारता घेतलेला, आणि खाली 'सांगली : ८४ टक्के विक्री आमच्यामुळे'. कराड, वाई, फलटण, जिथे ती पीडीएफ येईल तिथे त्यांच्याकडे मिरजेच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारचा हिशोब मागा.