लिनक्सवर वेबकॅम: सी२७०, सी९२० की हातातला फोन?

लिनक्ससाठी वेबकॅम घेताना ‘चालेल ना?’ ही धाकधूक आता बरीच कमी झाली आहे. कॅमेरा यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांसाठीचं सामायिक मानक) प्रकारातला असला की झालं. त्याचा ड्रायव्हर २००८ मधल्या २.६.२६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्समध्येच आहे. खोक्यावर फक्त विंडोजचं नाव दिसलं तरी बिचकू नका. वेगळा ड्रायव्हर लागत नाही असं लिहिलेलं असेल तर तो बहुधा यूव्हीसीच असतो.

लॉजिटेकचे सी२७० आणि सी९२० दोन्ही त्यातलेच. उबंटू असो की फेडोरा, वायर खोचली की चित्र येतं, माईकही चालतो. त्या बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही. खरा फरक फोकसचा. सी२७० चा फोकस कायमचा बसवलेला. हातभर अंतरावरचा चेहरा नीट दिसतो, पण वही कॅमेऱ्याजवळ धरली की अक्षरं पुसट. रोजच्या मीटिंगला ७२०पी पुरतं, तेव्हा नुसतं बोलायचं असेल तर जास्त पैसे घालू नका. शिकवण्या घेणाऱ्यांनी मात्र सी९२० च घ्यावा: ऑटोफोकस, १०८०पी, शिवाय खाली ट्रायपॉडचा आटा. त्याची एक खोड आहे. माणूस जरा हलला की फोकस मागेपुढे करत बसतो. जीयूव्हीसीव्ह्यू हे कॅमेऱ्याच्या सेटिंगचं ॲप उघडून ऑटोफोकस बंद करायचा आणि हाताने लावून टाकायचा.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर तिथेच पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी बघा. ती बरेचदा ६० वर असते. आपली वीज ५० हर्ट्‌झची. आणि चित्र अडखळतंय म्हणून कॅमेरा परत करायला निघाला असाल तर आधी फॉरमॅट तपासा. ७२०पी चं वाययूवायव्ही, म्हणजे न दाबलेलं, चित्र ३० फ्रेमने पाठवायला सेकंदाला सुमारे ४४० मेगाबिट लागतात. यूएसबी २ ची मर्यादा ४८०, तीही कागदावर. एमजेपीईजी, म्हणजे दाबून लहान केलेलं चित्र, निवडलं की गाडी सुरळीत.

फोनचं काय? ड्रॉइडकॅम हे फोनचा वेबकॅम करणारं ॲप टाकून मागचा कॅमेरा वापरला तर चित्र या दोघांपेक्षा सरस येऊ शकतं. पण व्ही४एल२लूपबॅक हे आभासी कॅमेरा तयार करणारं कर्नलचं मॉड्यूल बसवावं लागतं, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर त्याला डिजिटल सही लागते, आणि कर्नल अपडेट झाला की कधीकधी पुन्हा तेच. अधूनमधूनच्या कॉलला ठीक. रोज सकाळी दहाला मीटिंग असणाऱ्याने या फंदात पडू नये.

काही नव्या लॅपटॉपमध्ये अंगचा कॅमेरा यूएसबीचा नसतो, इंटेलच्या आयपीयू६ या प्रोसेसरमधल्या चित्र-प्रक्रिया भागावर चालतो, आणि लिनक्सवर तो दिसतच नाही अशी तक्रार बरीच आहे. उद्या मुलाखत असेल तर रात्रभर त्याच्याशी झटापट नको. सी२७० आणा आणि लावा.