एमपी ट्रॅक आणि अधिवेशनाच्या प्रश्नयाद्या : वर्षभर वापरून

‘प्रश्न उद्भवत नाही.’

नोकरीच्या ३१ वर्षांत ही ओळ मी शेकडो वेळा टाईप केली असेल. नागपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. कार्यालयाचं नाव इथे घेत नाही. हिवाळी अधिवेशन लागलं की आमच्याकडे रजा बंद, रविवारीही हजर राहायचं. वरून फोन यायचा, ‘एलएक्यू आहे, तीनच्या आत माहिती द्या.’ आमदारांच्या प्रश्नाला आमच्याकडे एलएक्यू हाच शब्द. तो मंत्रालयातून विभागाकडे, विभागातून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून तालुक्याकडे येत शेवटी ज्याला खरं ठाऊक त्या शाखा अभियंत्यापर्यंत पोचायचा. उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढायचं, आणि पायरीगणिक त्यातला एखादा टोकदार शब्द गळायचा.

आता मी ती उत्तरं वाचणाऱ्यांत आहे. वर्षभर मी तीन गोष्टी नेमाने वापरल्या: पीआरएसचं एमपी ट्रॅक, संसदेचं डिजिटल संसद हे संकेतस्थळ आणि आपल्या विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या. बचत गटातल्या बायकांपासून आमच्या सोसायटीच्या सचिवांपर्यंत सगळे मला एकच विचारतात, ‘आपला माणूस तिथं बोलतो का?’ म्हणून हे लिहायला घेतलं.

एमपी ट्रॅक मला पुतण्याने दाखवलं. ‘काकू, खासदार संसदेत काय करून राहिले ते इथं दिसते.’ दिल्लीची पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २००५ पासून विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करते, ही तिचीच सेवा. पैसे लागत नाहीत. खासदाराचं नाव टाकलं की हजेरी, चर्चेतला सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेली) समोर येतात, शेजारी राज्याची आणि देशाची सरासरी. पान इंग्रजीत आहे, पण मांडणी इतकी सरळ की आमच्या गटातल्या आठवी शिकलेल्या एका ताईंना मी दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः काढलं. ही सेवा मला मनापासून आवडली. इतक्या सोप्या रूपात हा हिशेब माझ्या नोकरीच्या काळात कुणाच्या हाती नव्हता.

नागपूरकराला मात्र पहिल्याच दिवशी कोडं पडतं. नागपूरचे खासदार नितीन गडकरी २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, ते सरकारच्या वतीने उत्तर देतात. त्यामुळे त्यांच्या पानावर हे आकडे नाहीत. पुतण्या म्हणाला, ‘यांचं तर काहीच नाही.’ मी त्याला बसवून सांगितलं की अशा वेळी उत्तरं वाचायची असतात. डिजिटल संसदवर जायचं, मंत्रालय निवडायचं, रस्ते वाहतूक व महामार्ग. देशभरातल्या खासदारांनी त्या खात्याला काय विचारलं आणि लेखी काय मिळालं, ते एकेक उघडता येतं. राज्यातही तसंच. नागपूर दक्षिण-पश्चिमचे आमदार देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आहेत, कामठीचे चंद्रशेखर बावनकुळे महसूलमंत्री. त्यांच्या मतदारांनी ‘किती प्रश्न विचारले’ हा रकाना सोडून ‘उत्तर काय दिलं’ हा रकाना धरावा. माझी बहीण कामठीला राहते, म्हणजे तिचा लोकसभा मतदारसंघ रामटेक. तिला मी रामटेकचंच पान उघडून दिलं. एकाच जिल्ह्यातल्या दोन बहिणींना दोन वेगळ्या रीतींनी हिशेब ठेवावा लागतो, हे तिलाही पटलं.

आकड्यांवर किती विसंबायचं? माझ्या मते, थोडंच. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. कुणाचा प्रश्न लागणार ते सोडतीत ठरतं, तेव्हा एखाद्याच्या नावावर तारांकित कमी दिसले तर तो गप्प होता असं म्हणता येत नाही. आणि जास्त प्रश्न दिसले म्हणजे काम जास्त, असंही नाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांना काढून टाकलं होतं. तेव्हापासून मला प्रश्नाच्या संख्येपेक्षा विषय महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याच्या मतदारसंघातला खासदार खताबद्दल विचारतो की भलत्याच धंद्याच्या परवान्याबद्दल, हे यादीत तारखेसकट दिसतं. एमपी ट्रॅकचा खरा उपयोग मला इथे झाला.

विधानसभेच्या याद्या वाचायची रीत वेगळी. त्या पीडीएफ स्वरूपात मिळतात, मी बर्डीवर जाऊन त्यांच्या छापील प्रती काढून आणते, कारण पेन्सिलीने खुणा केल्याशिवाय मला वाचता येत नाही. एका प्रश्नावर पुष्कळदा दहा-पंधरा आमदारांची नावं असतात. सारख्या विषयाच्या सूचना एकत्र करतात, म्हणून. तेव्हा कुणी ‘मी इतके प्रश्न मांडले’ असं पत्रक काढलं तर त्यातल्या किती ठिकाणी नाव पहिलं आहे आणि किती ठिकाणी रांगेत आहे, ते पाहावं.

मग खालचा मजकूर. त्याचा साचा ठरलेला. ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. पहिल्या कलमात घटना आणि ‘हे खरे आहे काय’. दुसऱ्यात ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’. तिसऱ्यात ‘चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’. शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. सगळा भार पहिल्या कलमावर असतो. ते ढासळलं की बाकीची आपोआप पडतात.

हे मी माझ्या हाताने होताना पाहिलं आहे. एका गावच्या पाझर तलावाबद्दल प्रश्न आला होता. प्रश्नात लिहिलं होतं, तलावाचा सांडवा ऑगस्ट महिन्यात वाहून गेल्याने शेतीचं नुकसान झालं, हे खरे आहे काय. प्रत्यक्षात सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, जागेवर होता. खचला होता भराव, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, आणि तोही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पंचनामा माझ्याच टेबलावरून गेला होता, सात शेतकऱ्यांच्या वावरात वाळू बसल्याची नोंद त्यात होती. साहेबांनी सांगितलं त्याप्रमाणे मी टाईप केलं: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ कागदावर एकही शब्द खोटा नव्हता. पुढच्या महिन्यात त्या सातांपैकी एक म्हातारेबुवा छापील उत्तराची घडी घेऊन कार्यालयात आले. माझ्यासमोर ती उलगडून म्हणाले, ‘बाई, आमचा तलाव फुटलाच नाही का?’ मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काही देता आलं नाही.

म्हणून यादी वाचताना ‘हे खरे नाही’ दिसलं की मी थांबते आणि प्रश्नातली तारीख, गावाचं नाव, कामाचं नाव पुन्हा वाचते. ‘हे अंशतः खरे आहे’ असेल तर कोणता अंश मान्य केला ते खालच्या कलमांतून शोधते. आणि ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ किंवा ‘कार्यवाही करण्यात येईल’ असं असेल तर लाल पेन्सिल. सभागृहात मंत्र्यांनी ‘करू’ म्हटलेल्या गोष्टींचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. लोकसभेत असं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. एमपी ट्रॅकवर प्रश्नाची मोजणी होते, पण त्या आश्वासनाचं पुढे काय झालं ते तुमचं तुम्हालाच धरून ठेवावं लागतं. कुणी तरुण मंडळी नवी सेवा उभी करणार असतील तर त्यांनी एवढं एक काम हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मतदान. इथे माझी निराशा झाली, आणि त्याला कुठलंही संकेतस्थळ जबाबदार नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’वाले होय म्हणतात, ‘नाही’वाले नाही म्हणतात, अध्यक्ष कौल सांगतात. कुणी काय म्हटलं याची नावनिशीवार नोंद होत नाही. नोंद नाही तर हिशेब कशाचा ठेवणार? सदस्यांनी मतविभागणी मागितली किंवा घटनादुरुस्तीसारखं विशेष बहुमत लागणारं विधेयक असलं, तरच मतांची मोजणी हाती येते. महिला आरक्षणाच्या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मतं पडली. एकत्र निवडणुकांचं विधेयक मांडायचं की नाही यावर १७ डिसेंबर २०२४ ला २६९ विरुद्ध १९८. अशा दिवशीच्या कामकाजाच्या वृत्तांतात ‘होय’ आणि ‘नाही’ खाली नावं दिलेली असतात, तिथे आपला खासदार शोधायचा. आपल्या विधानसभेत ४ जुलै २०२२ चा विश्वासदर्शक ठराव शिरगणतीने झाला, १६४ विरुद्ध ९९. आमदार एकेक करून उभे राहून आपला क्रमांक सांगत होते. मी तो प्रसंग पूर्ण पाहिला आणि मला वाटलं, प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकाला असंच व्हावं.

अर्थात नाव सापडलं तरी ते मत त्या माणसाचं स्वतःचं असेलच असं नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे मतावरून पक्ष कळतो आणि प्रश्नांवरून माणूस. माझ्या वहीत म्हणूनच प्रश्नांना जास्त पानं आहेत.

नागपूर करारात, २८ सप्टेंबर १९५३ ला, दरवर्षी विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. विदर्भाचे प्रश्न इथे विचारले जावेत म्हणून. अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्समधून जाताना मोर्चे अडवलेले दिसतात, आणि झिरो माईलजवळ गोवारी स्मारकापुढे मी दरवेळी थांबते. २३ नोव्हेंबर १९९४ ला मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चातली ११४ माणसं इथे चेंगरून गेली. मी तेव्हा नोकरीत नवी होते. विधानभवनाच्या आत जाता येत नाही अशा माणसाची मागणी आत नेणारा कागद म्हणजे प्रश्न, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं आहे. म्हणूनच डिसेंबर २०२४ चं अधिवेशन मला फार लागलं. १५ तारखेला नागपुरात मंत्र्यांचे शपथविधी झाले, अधिवेशन २१ ला संपलं आणि खातेवाटप त्याच दिवशी. खातंच ठरलेलं नसताना एखाद्या खात्याचा प्रश्न कुणापुढे ठेवायचा? त्या वर्षीची वही मी उघडली तेव्हा हिवाळ्याची पानं कोरीच राहिली.

वहीबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून सांगते. दोनशे पानी साधी वही. अधिवेशन, प्रश्न क्रमांक, कुणाचं नाव पहिलं, पहिल्या कलमाचं उत्तर, आणि ‘पुढच्या अधिवेशनात काय’. शेवटचा रकाना रुंद ठेवावा. एकाच प्रश्नावर तीन अधिवेशनांत तेच उत्तर, फक्त ‘विचाराधीन’च्या जागी ‘तपासण्यात येत आहे’, असं मला दोन ठिकाणी सापडलं. एमपी ट्रॅकवरून नोंदी उतरवायला आठवड्याला अर्धा तास पुरतो. याद्यांना मात्र वेळ द्यावा लागतो, अधिवेशनाच्या आठवड्यात रोज तासभर.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची घरं पाण्यात गेली, तेव्हा आमच्या मागच्या नाल्याचं पाणी माझ्या ओट्याला लागलं होतं. नाल्याची संरक्षक भिंत त्या रात्री पडली. यंदा आमच्या लेआउटमधल्या बायका आमदारांच्या स्वीय सहायकाला निवेदन देणार होत्या. त्यांनी लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात भिंत पडली.’ ते मी खोडलं. दिनांक घातला, नाल्याचं नाव महानगरपालिकेच्या नकाशात आहे तसं घातलं, ‘पडली’च्या जागी ‘मधला भाग कोसळला’ लिहिलं आणि पंचनाम्याची प्रत जोडली. लांबी किती, यावर सगळ्यांचे अंदाज वेगवेगळे होते. मग संध्याकाळी पुतण्याला टेपचं एक टोक धरायला लावलं, दुसरं मी धरलं. ४२ फूट. ती आम्ही तिथेच निवेदनात भरली.