एक्सेलमधला १९ अंकी आयडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एक्सेल काय करतं हे इथे नव्याने सांगत बसत नाही. हा अनुभव फक्त लांब आकड्यांपुरता आहे: सरल या राज्याच्या शालेय माहिती-प्रणालीतला १९ अंकी विद्यार्थी आयडी, १२ अंकी आधार आणि बँकेचे खाते क्रमांक. शाळेच्या ऑफिसात रोज हेच तीन रकाने भरायचे असतात.

दोष एकच, पण मुळावरचा. संख्या कितीही लांब असो, एक्सेल तिचे पहिले १५ अंक ठेवतं आणि उरलेल्या जागी शून्यं भरतं. तेही गुपचूप. सरलच्या आयडीला हे नेमकं नको तिथे लागतं, कारण त्यात आधी ४ अंकी वर्ष, मग शाळेचा ११ अंकी यूडायस (सरकारी ओळख क्रमांक) आणि शेवटी ४ अंकी अनुक्रमांक असतो. चार अधिक अकरा पंधरा! म्हणजे एक्सेल वर्ष आणि शाळा जपून ठेवतं आणि मूल तेवढं पुसून टाकतं. समजा आयडी २०१५२७२५९९९९९०१००२३ आहे. सेलमध्ये दिसतं २.०१५२७ई+१८ (म्हणजे २.०१५२७ गुणिले दहाचा १८वा घात), आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये २०१५२७२५९९९९९०१००००. त्या वर्षी त्या शाळेत नोंदलेल्या सगळ्या मुलांचा आयडी हाच होतो.

ई+१८ दिसलं की बहुतेक जण कंट्रोल आणि १ दाबून नंबर निवडतात, दशांश शून्य करतात आणि १९ अंक दिसल्यावर निश्चिंत होतात. शेवटची चार शून्यं कोणी बघत नाही. फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत. मूळ फाइल पुन्हा आणावी लागते. रकाना टेक्स्ट करायचा तो आकडे टाकायच्या आधी. एखाद-दुसराच आकडा असेल तर सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह पुरे.

आधारचं प्रकरण त्या मानाने सौम्य. १२ अंक १५च्या आत बसतात, त्यामुळे ई+११ दिसलं तरी आकडा आत शाबूत असतो. कस्टममध्ये ०००० ०००० ०००० लिहिलं की कार्डावरच्यासारखे चार-चारचे गट पडतात. मात्र ई+११ दिसत असताना फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून सेव्ह केली तर गेलं, कारण सीएसव्हीत सेलमध्ये दिसतं तेच उतरतं. आधी =टेक्स्ट(ए२,"०") ने शेजारी रकाना करा, तो व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा, मग सेव्ह करा. खाते क्रमांकांचं दुखणं उलट्या टोकाला असतं: सुरुवातीची शून्यं गळतात. तिथेही औषध टेक्स्टच.

इथवर सगळं ठीक होतं आणि पाचपैकी साडेतीन तारे ठरले होते. मग काउंटइफ, म्हणजे एखादी नोंद रकान्यात किती वेळा आली ते मोजणारं सूत्र.

रकाना टेक्स्ट आहे, १९च्या १९ अंक जागेवर आहेत, आणि दुबार नावं शोधायला काउंटइफ लावलं, तर एकाच वर्षी नोंदलेली सगळी मुलं दुबार! कारण काउंटइफ टेक्स्टमधले आकडेसुद्धा तुलना करताना संख्या समजून वाचतं, आणि संख्या म्हटली की पुन्हा तेच १५ अंक. कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं डुप्लिकेट व्हॅल्यूजही अशीच पाटी रंगवतं. हा दोष मला पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. पहिल्यात निदान चार शून्यं दिसतात. इथे माहिती बरोबर आणि उत्तर चूक. त्यावर भरवसा ठेवून कोणी 'रिमूव्ह' करत सुटलं की पटावरची खरी मुलं गायब.

उपाय दोन. निकषाला तारा जोडायचा: =काउंटइफ(ए$२:ए$५००,ए२&"*"). ताऱ्यामुळे एक्सेलला तो मजकूर म्हणूनच वाचावा लागतो. नाहीतर =समप्रॉडक्ट(--(ए$२:ए$५००=ए२)), जे अक्षर न अक्षर ताडतं. हजारो ओळींत दुसरं जड जातं, पण मी तेच वापरतो. ताऱ्याच्या पद्धतीत एखादा आयडी अर्धवट भरला गेला असेल तर तो पुऱ्या आयडीलाही जुळतो.

व्हीलूकअप, म्हणजे एका यादीतला आकडा दुसरीत शोधणारं सूत्र, याच्या अगदी उलट वागतं. एका यादीत आधार टेक्स्ट आणि दुसरीत संख्या असेल तर दोन्ही डोळ्यांना सारखे दिसूनही एनए, म्हणजे 'सापडलं नाही', येतं. शोधायच्या सेलला &"" जोडलं की तो टेक्स्ट होतो. दुसरी यादी टेक्स्ट असेल तर काम झालं.

आता मत थोडं बदलावं लागतंय. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या, म्हणजे वर्गणीवाल्या एक्सेलच्या, ताज्या आवृत्तीत फाइल, ऑप्शन्स, डेटा इथे ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन नावाचा भाग आहे. २०२३पासून आलेली सोय, पण सगळ्या खुणा आधीपासून चालू, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीची शून्यं काढणं, १५ अंकांवर कापणं आणि ई अक्षराला घात समजणं, या तिन्ही खुणा काढून टाका. तिसरी फालतू वाटेल, पण पाचवीच्या ई तुकडीतल्या बाराव्या मुलाला ५ई१२ लिहिलं की एक्सेल त्याचे पाच लाख कोटी करतं. खुणा काढल्या की लांब आकडा आपोआप टेक्स्ट होतो. चार तारे. काउंटइफ मात्र तसंच.

एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल तर ही सोय नाही. तिथे सीएसव्हीवर डबल-क्लिक करायचंच नाही. फाइलच्या नावातलं .सीएसव्ही बदलून .टीएक्सटी करा, एक्सेलमधून ओपन करा, आणि तिसऱ्या पायरीवर आयडीचा रकाना निवडून टेक्स्ट सांगा. दरवर्षी वर्गणी भरायची नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे आणि सीएसव्ही उघडताना रकान्याचा प्रकार स्वतःहून विचारतं. एवढं साधं शहाणपण विकतच्या वस्तूत नसावं याचा राग येतो.

लाख-कोटीच्या स्वल्पविरामासाठी कस्टम फॉरमॅटच्या नादी लागू नका. त्यात दोनच अटी बसतात आणि वजा रकमा बिघडतात. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये डिजिट ग्रुपिंग १२,३४,५६,७८९ निवडा, एक्सेल मुकाट्याने ऐकतं.

शेवटचं, सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण. टेक्स्ट केलेल्या आयडीवर तो येतोच, आणि त्याच्या यादीत 'कन्व्हर्ट टू नंबर' अगदी वरच असतं. पूर्ण रकाना निवडून त्यावर एक क्लिक झाला की चार शून्यं परत. ऑफिसातला संगणक तीन-चार जण वापरत असतील तर ऑप्शन्स, फॉर्म्युलाज, एरर चेकिंग रूल्समध्ये जाऊन टेक्स्टमधल्या आकड्यांचा नियम आजच बंद करा.